मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर बरोबर, वेळ चूक

दोन शहरांमधले हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणारी मोफत संकेतस्थळे आज डझनावारी आहेत. शहरांची नावे टाकून बटण दाबले, की किलोमीटर, मैल आणि तास-मिनिटे समोर हजर होतात. गेल्या हिवाळ्यात गरजेपोटी मी ही सेवा वापरली आणि तिच्यावर विसंबून अडचणीत आलो. परत आल्यावर मुंबई–न्यूयॉर्क ही एकच जोडी घेऊन अशा चार-पाच सेवा पडताळून पाहिल्या. हे परीक्षण त्या पडताळणीचे आहे.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. धाकटा भाऊ न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि आईला त्याच्याकडे पोचवायला मी सोबत जाणार होतो. तिला मधुमेह असल्याने दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते. आमच्या डॉक्टरांनी सांगितले, "विमानात एकूण किती तास बसणार ते नेमके सांगा, म्हणजे जेवण आणि इंजेक्शनच्या वेळा त्यावर बसवून देतो." तिकीट अजून काढायचे होते, म्हणून दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या मी फोनवर शोधले. पहिल्याच संकेतस्थळाने उत्तर दिले : १२,५४० किलोमीटर, १३ तास ५६ मिनिटे. छप्पन मिनिटांपर्यंत हिशेब देणाऱ्यावर कोण शंका घेणार? डॉक्टरांनी चौदा तास धरून तक्ता लिहून दिला आणि तो आम्ही आईच्या पर्समध्ये घडी घालून ठेवला.

प्रत्यक्षात मुंबईला विमान जागेवरून हलल्यापासून जॉन एफ. केनेडी विमानतळावर जागेवर लागेपर्यंत १६ तास १२ मिनिटे लागली. तक्त्याप्रमाणे उतरायची वेळ झाली, तेव्हा आम्ही अटलांटिकवर होतो आणि आईच्या दशम्या संपलेल्या होत्या. समोरच्या पडद्यावरच्या नकाशाकडे ती बराच वेळ पाहत होती. शेवटी म्हणाली, "मघाशी तीन तास राहिले म्हणत होतं हे. त्याला अर्धा तास झाला, तरी अजून पावणेतीनच दाखवतंय. थांबलंय का कुठे?" जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग त्या वेळी ताशी ७६० किलोमीटर दिसत होता. सुदैवाने विमानातल्या मुलीने वेळेवर गरम उपमा आणून दिला आणि पुढचे सगळे निभावले. पण ते दोन तास मी फारसे सुखात काढले नाहीत.

घरी आल्यावर पहिले काम म्हणजे त्या छप्पन मिनिटांचा माग काढला. तो फार लांब जात नाही. १२,५४० ला ९०० ने भागले की १३.९३ येतात आणि ०.९३ तास म्हणजे छप्पन मिनिटे. मोठ्या जेट विमानाचा स्थिर उंचीवरचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर असतो, हे खरे आहे. पण विमान धावपट्टीपर्यंत घरंगळत जाते, रांगेत उभे राहते, अर्धा तास वर चढते आणि उतरण्याआधी आणखी अर्धा तास वेग कमी करत येते, यातले काहीही त्या भागाकारात नाही. म्हणजे मिनिटांपर्यंतचा तो नेमकेपणा मोजमापातून आलेला नव्हता, दशांशचिन्हापुढच्या आकड्यांतून आला होता. संकेतस्थळाने 'सुमारे चौदा ते सोळा तास' असे लिहिले असते, तर ते कमी हुशार दिसले असते आणि माझ्या जास्त उपयोगी पडले असते.

अंतराच्या बाबतीत मात्र मला या सेवांना दोष देता येत नाही, उलट कौतुकच करावेसे वाटते. पृथ्वीच्या गोलावरून दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलाचे बरोबर दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळावरून, जातो आणि अक्षांश-रेखांश ठाऊक असले की त्याची लांबी काढणे हे शाळेतल्या त्रिकोणमितीच्या थोडे पुढचे गणित आहे. पृथ्वी पूर्ण गोल नाही, विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर तर ध्रुवांशी ६,३५७ किलोमीटर आहे. म्हणून गोल धरून काढलेले उत्तर आणि चपटेपणा धरून काढलेले उत्तर यांत किंचित फरक पडतो. पण तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच राहतो आणि प्रवाशाला त्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही. मी पाहिलेल्या सर्व ठिकाणी मुंबई–न्यूयॉर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या जवळपासच आले.

खबरदारी घ्यावी ती मैलांबाबत. १२,५४० किलोमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ७,७९० मैल, पण सागरी मैल ६,७७० च. वैमानिक आणि विमान कंपन्या सागरी मैल वापरतात, तर अमेरिकेतला नातेवाईक बोलतो तो जमिनीवरचा मैल. एका संकेतस्थळावर नुसतेच 'मैल' असे लिहिलेले होते आणि तो कोणता हे शोधायला मला कॅल्क्युलेटर काढावा लागला.

अंतर दाखवण्याच्या कामात 'ग्रेट सर्कल मॅपर' ही सेवा मला सर्वांत आवडली. दिसायला ती जुन्या वळणाची आहे, सजावट जवळजवळ नाही. विमानतळांची तीन अक्षरी संक्षिप्त नावे टाकली की ती गोलाकार पृथ्वीवर रेघ काढून दाखवते, सुरुवातीची दिशा सांगते आणि वेळेबद्दल उगाच बढाया मारत नाही. मुंबईहून न्यूयॉर्कसाठी ती दिशा सुमारे ३३३ अंश आहे, म्हणजे वायव्येपेक्षाही उत्तरेकडे झुकलेली. न्यूयॉर्क पश्चिमेला आहे असे लहानपणापासून मनात बसलेल्याला हे पटत नाही. मलाही पटले नाही, म्हणून पुतणीचा शाळेतला पृथ्वीगोल खाली काढला आणि शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून धरला. तीस सेंटिमीटर व्यासाच्या त्या गोलावर दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरला आणि तो चक्क मॉस्कोवरून, मध्य स्वीडनवरून आणि आइसलँडवरून गेला. भिंतीवरच्या सपाट नकाशात हीच रेघ पट्टीने ओढली, तर ती अरबस्तान आणि सहाराच्या वाळवंटावरून जाते. होकायंत्राची एकच दिशा धरून त्या सरळ दिसणाऱ्या वाटेने गेले, तर अंतर सुमारे १४,२०० किलोमीटर पडते, म्हणजे जवळजवळ सतराशे किलोमीटरचा भुर्दंड. ज्याच्या घरी पृथ्वीगोल आहे त्याने ही दोऱ्याची करामत एकदा जरूर करून पाहावी.

शहर आणि विमानतळ यांतला फरक काही सेवांना कळत नाही. 'न्यूयॉर्क' असे लिहिल्यावर एका ठिकाणी यादीत लागार्डिया विमानतळ वर आला. त्या विमानतळावर पंधराशे मैलांपलीकडच्या उड्डाणांना, थोडे अपवाद वगळता, नियमानेच मज्जाव आहे. तिथून मुंबईचे विमान सुटणे शक्यच नाही. आपल्या कामाचे दोनच : केनेडी आणि न्यू जर्सीतला नेवार्क. एडिसनला जायचे असेल तर नेवार्क कितीतरी सोयीचा, पण हवाई अंतराच्या आकड्यात हा फरक नगण्य दिसतो. तीच गत आपल्याकडची. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. तो धरला काय किंवा अंधेरीजवळचा जुना धरला काय, साडेबारा हजार किलोमीटरांत ढिम्म फरक पडत नाही. पनवेलहून टॅक्सी करणाऱ्याला मात्र चांगलाच पडतो.

आता त्या दोऱ्याकडे पुन्हा येतो, कारण वेळेच्या गोंधळाचे एक मूळ तिथे आहे. दोरा मुंबईहून निघाला की सिंध-बलुचिस्तानवरून अफगाणिस्तानात शिरतो, मग तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तान, मग रशियाचा मोठा पट्टा, मग स्कँडिनेव्हिया, आइसलँड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक आणि शेवटी कॅनडाचा लॅब्राडोर. आता या रेघेवरचे एकेक नाव वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाशी ताडून पाहावे. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि त्या बंदीची मुदत पुढे महिन्यामहिन्याने वाढत गेली. काबूलमधले सरकार ऑगस्ट २०२१ मध्ये कोसळल्यावर अफगाणिस्तानचे आकाश बहुतेक कंपन्यांनी टाळले. रशियाने २०२२ च्या युक्रेन युद्धापासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना मज्जाव केला, भारतीय कंपन्यांना केला नाही. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये कोणत्या देशाची कंपनी उडते आहे, यावर वाट ठरू लागली. एका अमेरिकी कंपनीने नेवार्क–मुंबई थेट सेवा मार्च २०२२ मध्ये थांबवली, ती याच कारणाने. पाकिस्तानची हद्द बंद झाल्यावर दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावे लागले. संकेतस्थळाची रेघ मात्र यातले काहीच जाणत नाही आणि मॉस्कोवरून निवांत पुढे जाते.

हे लक्षात आल्यावर माझी पहिली समजूत अशी झाली, की आमचे दोन तास या वळशात गेले असणार. ती समजूत चुकीची निघाली आणि या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत नवल याचेच वाटले. आमचे विमान अरबी समुद्रावरून आखाताकडे, तिथून तुर्कस्तान, मध्य युरोप आणि ब्रिटनवरून अटलांटिकवर गेले. नकाशात हा वळसा मोठा दिसतो. पण मुंबई–इस्तंबूल आणि इस्तंबूल–न्यूयॉर्क ही दोन अंतरे वेगवेगळी काढून बेरीज केली, तर ती १२,९०० किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे सरळ रेघेहून साडेतीनशे किलोमीटर जास्त. ताशी ९०० च्या वेगाने ती पंचवीस मिनिटेही नाहीत. लांब रेघेला मध्ये थोडी वाकवली, तर लांबी फारशी वाढत नाही. ताणलेल्या दोऱ्याला मधून बोटाने ढकलून पाहिले तरी हे कळते.

मग उरलेला वेळ गेला कुठे? तो वाऱ्याने खाल्ला. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट वारे उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सर्वांत जोरकस असतात आणि ताशी दोनशे किलोमीटरचा वेग ते सहज ओलांडतात. विमानाचा ९०० चा वेग असतो तो भोवतीच्या हवेच्या तुलनेत. ती हवाच समोरून येत असेल, तर जमीन तेवढी हळू मागे सरकते. आईला थांबल्यासारखे वाटले ते यामुळेच. संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी साठ किलोमीटरचा वारा समोरून धरला, तर १२,९०० किलोमीटरला १५ तास २१ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी आला, तर १३ तास २६ मिनिटे. माझ्या दोन उड्डाणांच्या वेळा या कच्च्या हिशेबाशी बऱ्याच जुळतात. जाताना १६ तास १२ मिनिटे, येताना १४ तास १८ मिनिटे. प्रत्येकी पाऊण-एक तास जमिनीवर सरकण्यात आणि चढण्या-उतरण्यात गेला असे धरले, की हिशेब बसतो. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवरच्या वादळाच्या पाठबळावर एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले होते. एरवी या प्रवासाला सहा-साडेसहा तास लागतात. अंतर तेच, विमानही नेहमीचेच, आणि वेळेत दीड तासाची तफावत.

म्हणून या सेवा पारखण्यासाठी मी आता एकच कसोटी लावतो. आधी मुंबई–न्यूयॉर्क विचारायचे, मग न्यूयॉर्क–मुंबई. दोन्हींची वेळ एकच आली, तर ती सेवा नुसता भागाकार करते आहे असे समजून वेळेचा रकाना सोडून द्यावा. मी पाहिलेल्या हिशेबी संकेतस्थळांपैकी एकही या कसोटीला उतरले नाही. त्यातल्या एकाने मला काही वेळ चांगलेच चकवले. ते ताशी पाचशे मैल हा वेग धरून वर सरसकट अर्धा तास घालते, त्यामुळे त्याचे उत्तर १६ तास ५ मिनिटे आले. माझ्या जाण्याच्या वेळेशी जेमतेम सात मिनिटांचा फरक! पाठ थोपटावी असे वाटले, तोच उलट दिशेने विचारले आणि पुन्हा १६ तास ५ मिनिटेच आली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, दुसरे काही नाही.

नेमक्या वेळेसाठी उपयोगी पडते ती प्रत्यक्ष उडालेल्या विमानांची नोंद. स्वीडनमधल्या दोन विमानवेड्यांनी सुरू केलेली 'फ्लाइटरडार२४' ही सेवा त्यासाठी उत्तम आहे. विमाने स्वतःचे स्थान रेडिओवरून सतत सांगत असतात आणि जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या छपरांवर लावलेली उपकरणे ते टिपून या सेवेला पुरवतात. उड्डाण क्रमांक टाकला की गेल्या काही दिवसांतले प्रत्येक उड्डाण ठरलेल्या वेळेला सुटले की नाही, किती वेळ हवेत होते, आणि कोणत्या वाटेने गेले, हे मोफत पाहता येते. उणीव एवढीच, की भर समुद्रात जमिनीवरचे उपकरण नसते, तिथे विमानाची जागा अंदाजाने दाखवली जाते; पण आपल्याला उतरण्याची वेळ हवी आहे, तेव्हा त्याने काही अडत नाही. एक सावधगिरी मात्र घ्यावी. तिथे दिसणारा वेळ चाके जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंतचा असतो. वेळापत्रकातला वेळ असतो तो जागेवरून हलल्यापासून जागेवर लागेपर्यंतचा, ज्याला या धंद्यातले लोक ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने काम एका वेळी एकीवरच चालते. रात्रीच्या गर्दीत रांगेत उभे राहण्यातच वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. रुग्णाच्या सोबत बसलेल्याने ब्लॉक टाइमच धरावा.

तिथली पोचण्याची वेळ सांगण्याची सोयही बहुतेक संकेतस्थळे देतात. ती ठीक चालते, पण वर्षातून दोनदा घड्याळ बदलते तिथे घसरण्याचा धोका आहे. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागे साडेदहा तास आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास असते. एका सेवेने जुलैची तारीख देऊनही साडेदहाच धरले. विमानतळावर न्यायला येणाऱ्याला तासभर ताटकळत ठेवायला एवढी चूक पुरते.

गुण द्यायचेच झाले तर अंतरासाठी पाचपैकी पाच, वेळेसाठी दोनसुद्धा जड मनाने. पुढच्या खेपेसाठी मी त्याच थेट उड्डाणाच्या आठ दिवसांच्या दोन्ही बाजूंच्या नोंदी वहीत उतरवल्या, त्यातली सर्वांत लांब वेळ निवडली आणि वर जमिनीवरचा अर्धा तास मिळवला. डॉक्टरांसमोर ठेवलेल्या चिठ्ठीवर या वेळी दोन ओळी होत्या : जाताना साडेसोळा तास, येताना पंधरा. त्यांनी पहिल्या आकड्याखाली रेघ मारली, जुना तक्ता मागून घेतला, आणि त्यात तेराव्या तासाला एक जास्तीचे खाणे लिहिले.